अमेरिकेतली सरकारी ग्रँट: मंजूर झालेले पैसे खरंच कुणाचे?

२०२५ साल उजाडलं आणि अमेरिकेत संशोधन करणाऱ्या मुलामुलींच्या इकडच्या आईवडिलांना तीन नवे शब्द शिकावे लागले: 'फ्रीझ', 'टर्मिनेट' आणि 'ओव्हरहेड'. "ग्रँट मंजूर झाली होती ना? पत्रसुद्धा आलं होतं. मग मंजूर झालेले पैसे असे मधेच थांबतात कसे?" हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकला की म्हटलं, एकदा बैजवार लिहूनच काढावं. यातलं बरंचसं उत्तर वॉशिंग्टनमधल्या एका नियमपुस्तकात आहे. पुस्तक रटाळ आहे, पण त्याच्या मुळाशी असलेली कल्पना जिल्हा परिषदेच्या कुठल्याही मुख्याध्यापकाला चटकन कळेल.

ग्रँट ही खरेदी नव्हे

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, म्हणजे फेडरल सरकारच्या तिजोरीतून पैसा बाहेर पडायच्या वाटा पुष्कळ. त्यातल्या दोन वाटांमधला फरक १९७७च्या एका कायद्यानं पक्का केला. सरकारला स्वतःसाठी काही हवं असेल, मग ते टेबल असो की लढाऊ विमान, तर ते कंत्राट. लोकांच्या भल्याचं एखादं काम दुसऱ्या कुणी करावं आणि आपण फक्त पाठबळ द्यावं असं असेल, तर ती ग्रँट. त्या कामात सरकारी खातं स्वतःही बरंच लक्ष घालणार असेल तर त्याला 'सहकार्य करार' असं वेगळं नाव आहे, पण हिशेबाचे नियम जवळपास तेच.

हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढचं सगळं त्यातून निघतं. टेबल विकत घेतलं की ते डुगडुगतं का हे हात लावून पाहता येतं. पण कर्करोगावरच्या एका औषधाच्या अभ्यासाला पाच वर्षं पैसे दिले आणि शेवटी 'हे औषध काम करत नाही' असं उत्तर आलं, तर? पैसे बुडाले असं कुणी म्हणत नाही, कारण तेही उत्तरच आहे. मग सरकारनं तपासायचं काय? हाताशी उरते एकच गोष्ट: पैसे कशावर आणि कसे खर्च झाले. म्हणून ग्रँटच्या नियमांचा सगळा रोख खर्चाच्या रीतीवर असतो. शालेय पोषण आहाराचा तांदूळ शाळेत येतो तेव्हा मुख्याध्यापक त्या पोत्यांचे मालक होत नाहीत. पोरं किती जेवली, तांदूळ किती शिजला, शिल्लक किती, हे रोज लिहावं लागतं. ग्रँटचंही तसंच आहे, फक्त पोत्यांच्या जागी डॉलर.

आणि डॉलर थोडेथोडके नाहीत. राज्यं, शहरं, आदिवासी राष्ट्रं यांना मिळून वर्षाला एक लाख कोटी डॉलरच्या वर रक्कम ग्रँटरूपानं जाते. त्यात सर्वांत मोठा वाटा गरिबांच्या आरोग्यसेवेचा, म्हणजे मेडिकेडचा. आपल्याकडच्या बातम्यांत दिसतात त्या विद्यापीठांच्या ग्रँट या पसाऱ्याचा एक कोपरा आहेत.

आठ परिपत्रकांचं एक पुस्तक

पूर्वी विद्यापीठांना एक परिपत्रक, राज्यांना दुसरं, ना-नफा संस्थांना तिसरं असा कारभार होता. डिसेंबर २०१३मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालच्या व्यवस्थापन आणि अर्थसंकल्प कार्यालयानं अशी आठ परिपत्रकं वितळवून एकच नियमावली ओतली आणि वर्षभरानं ती लागू झाली. तिचं रीतसर नाव 'युनिफॉर्म गायडन्स'. या धंद्यातले लोक मात्र तिला तिच्या क्रमांकानं ओळखतात, 'टू सीएफआर टू हंड्रेड'. आपण नियमपुस्तक म्हणू. २०२४मध्ये त्याची मोठी डागडुजी झाली आणि नवी आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाली. तारीख बघून चमकू नका, तिकडचं सरकारी वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. त्यांचा 'मार्चएंड' सप्टेंबरात येतो.

खर्च 'बसतो' की नाही

आपल्या सरकारी कचेरीत 'हा खर्च कुठल्या हेडला बसतो?' असं विचारतात. तिकडेही प्रश्न तोच, फक्त चाळणी बारीक. खर्च कामासाठी लागणाराच हवा. त्या परिस्थितीत शहाण्या माणसानं जेवढे मोजले असते तेवढेच मोजलेले हवेत. ज्या ग्रँटवर तो टाकला, तिलाच त्याचा उपयोग झालेला हवा. आणि त्याला कागद हवा.

यातली तिसरी अट लोकांना सर्वांत जास्त गोत्यात आणते. समजा, एका प्राध्यापकाकडे दोन ग्रँट आहेत. एकीतले पैसे संपले, दुसरीत शिल्लक आहेत आणि मुदत संपत आलीय. पहिल्या प्रयोगाची रसायनं दुसरीच्या खात्यावर घेतली तर बिघडलं काय, पैसे शेवटी विज्ञानालाच लागले ना? नियमपुस्तक म्हणतं, बिघडलं. पोषण आहाराचा तांदूळ शेजारच्या अंगणवाडीत शिजवला तर मुलंच जेवली हे खरं, पण आक्षेप निघतोच. मुदतीच्या शेवटच्या महिन्यात अचानक वाढलेली खरेदीही तपासनिसाच्या डोळ्यात लगेच भरते. अखर्चित निधी संपवायची घाई जगभर एकसारखीच दिसते.

काही गोष्टी सरसकट बंद आहेत: दारू, करमणूक, दंड, सरकारदरबारी वशिला लावण्याचा खर्च, देणग्या गोळा करण्याचा खर्च. परिषदेतलं जेवण बसू शकतं, पण सोबतची बिअर नाही.

मराठी संशोधकांना हमखास ठेच लागते ती विमानाच्या तिकिटाला. ग्रँटच्या पैशानं मुंबईतल्या परिषदेला यायचंय. एअर इंडियाचं थेट विमान आहे, स्वस्तही आहे आणि वर पोह्यांची शक्यता. तरीही ते चालत नाही. १९७४चा एक कायदा सांगतो की सरकारी पैशानं प्रवास करायचा तर, सोय असेल तिथे, अमेरिकी विमान कंपनीनंच करायचा, आणि परदेशी तिकीट स्वस्त असणं हा अपवाद धरला जात नाही. गंमत अशी की विमान परदेशी असलं तरी तिकिटावर अमेरिकी कंपनीचा फ्लाइट नंबर असेल तर चालतं. 'शहाणा माणूस स्वस्तात घेईल' हे तत्त्व सांगणाऱ्या व्यवस्थेनंच महाग तिकीट काढायला लावावं, यात विसंगती आहेच. तो करदात्याच्या पैशातून स्वदेशी विमान कंपन्यांना दिलेला आधार आहे, दुसरं काही नाही.

पगाराचंही असंच. एखाद्या संशोधकाचा निम्मा पगार ग्रँटमधून जात असेल तर त्याचं निम्मं काम खरोखर त्या प्रकल्पावर झालं याच्या नोंदी लागतात. त्या वेळात तो पुढच्या ग्रँटचा अर्ज लिहीत बसला, तर तो वेळ चालू ग्रँटवर टाकता येत नाही.

ओव्हरहेड: सगळ्यात जास्त गैरसमज इथे

प्रयोगशाळेतली रसायनं आणि संशोधकाचा पगार हे थेट खर्च, ते मोजता येतात. पण इमारत, वीज, ग्रंथालय, घातक कचऱ्याची विल्हेवाट, हिशेब ठेवणारी माणसं? हे सगळे प्रकल्प मिळून वापरतात. सोसायटीत तुमचा फ्लॅट तुमचा, पण लिफ्ट, वॉचमन आणि जिन्यातला दिवा सगळ्यांचा, म्हणून मेंटेनन्स द्यावा लागतो. ग्रँटचा मेंटेनन्स म्हणजे अप्रत्यक्ष खर्च, बोलीभाषेत ओव्हरहेड. प्रत्येक विद्यापीठ आपला खर्च मांडून सरकारशी घासाघीस करतं आणि त्यातून त्याचा दर ठरतो. जे दर ठरवून घ्यायच्या भानगडीत पडत नाहीत अशा लहान संस्थांना नियमपुस्तक सरधोपट १५ टक्के देतं. २०२४च्या डागडुजीआधी ते १० टक्के होते.

आता गैरसमज. 'विद्यापीठाचा दर ६० टक्के' हे वाचलं की वाटतं, शंभरातले साठ डॉलर विद्यापीठानंच गिळले. तसं नाही. दर थेट खर्चाच्या वर लागतो, तोही सगळ्यावर नाही. महागडी उपकरणं, विद्यार्थ्यांची ट्यूशन फी, दुसऱ्या संस्थेला दिलेल्या रकमेचा ५० हजार डॉलरवरचा भाग, हे आधी वगळतात. आकडे घालून पाहू. थेट खर्च २ लाख डॉलर. त्यात ५० हजारांचं यंत्र, ३० हजार फी, उरलेले १ लाख २० हजार पगार आणि रसायनं. ६० टक्के लागतील ते या १ लाख २० हजारांवर, म्हणजे ७२ हजार. एकूण ग्रँट २ लाख ७२ हजार आणि त्यात ओव्हरहेडचा हिस्सा साधारण साडेसव्वीस टक्के. हाच दर १५ टक्क्यांवर आणला तर ७२ हजारांचे होतात १८ हजार. वीजबिल मात्र तेवढंच राहतं.

७ फेब्रुवारी २०२५ला, शुक्रवारी, एनआयएच या आरोग्य संशोधनाच्या सर्वांत मोठ्या सरकारी संस्थेनं नेमकं हेच जाहीर केलं: सोमवारपासून सगळ्यांना सरसकट १५ टक्के. एनआयएचच्याच हिशेबानं २०२३च्या आर्थिक वर्षातल्या ३,५०० कोटी डॉलरच्या ग्रँटपैकी सुमारे ९०० कोटी ओव्हरहेडचे होते. राज्यं आणि विद्यापीठं कोर्टात गेली, सोमवारीच तात्पुरती स्थगिती मिळाली आणि एप्रिलमध्ये बोस्टनच्या फेडरल न्यायालयानं ही कपात कायमची रोखली. त्यामागचं एक मोठं कारण असं की २०१७मध्ये असाच एक प्रस्ताव आला होता, तेव्हापासून काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद, दरवर्षीच्या खर्चाच्या कायद्यातच 'एनआयएचनं ही पद्धत बदलू नये' असं लिहीत आलीय.

"पण खासगी फाउंडेशनं तर १०-१५ टक्केच देतात!"

हा आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. बरीच फाउंडेशनं जागेचं भाडं किंवा हिशेबनिसाचा पगार थेट खर्चात घेऊ देतात, सरकार सहसा देत नाही. त्यामुळे दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एका सोसायटीचा पाणीपट्टीसकट मेंटेनन्स दुसरीच्या पाणीपट्टीविना मेंटेनन्सशी ताडून पाहणं.

पण विद्यापीठं धुतल्या तांदळासारखी आहेत असंही समजू नका. १९९०-९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ओव्हरहेडची झाडाझडती झाली, तेव्हा त्या खात्यात काय काय सापडलं! ७२ फुटी आलिशान नौकेचा घसारा, विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या निवासातली फुलं आणि एक जुनं इटालियन 'कमोड'. (हसू नका, जुन्या युरोपीय फर्निचरमध्ये कमोड म्हणजे ड्रॉवरचं कपाट.) खासदार जॉन डिंगेल यांनी मार्च १९९१मध्ये जाहीर सुनावणी लावली. विद्यापीठानं चुका कबूल करून पैसे परत केले, दर खाली आला आणि अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांनी पद सोडायचं जाहीर केलं. १९९४मध्ये १२ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि फसवणुकीचा आरोप काही टिकला नाही. पण नौका लोकांच्या डोक्यातून गेली नाही. त्याच १९९१ साली सरकारनं विद्यापीठांच्या ओव्हरहेडमधल्या प्रशासकीय खर्चाला २६ टक्क्यांचं झाकण लावलं, ते आजही आहे. इमारती आणि उपकरणांच्या भागावर असं झाकण नाही. म्हणजे दर ६० टक्के असेल तर त्यात कचेरीचे फार तर २६, उरलेले विटा-सिमेंट-विजेचे. या वादावर तावातावानं बोलणाऱ्या दोन्ही बाजू हे एवढं सांगायला हमखास विसरतात.

पैसे एकगठ्ठा मिळत नाहीत

मंजुरीपत्र म्हणजे चेक नव्हे. पैसे सरकारकडेच राहतात आणि संस्था लागतील तसे ऑनलाइन उचलते. काही ठिकाणी तर आधी पदरचे घालायचे आणि मग मागायचे. आगाऊ उचललेच तर लगेच खर्च करायचे. ते बँकेत पडून व्याज मिळालं तर वर्षाला ५०० डॉलरपर्यंतचं ठेवून घेता येतं, वरचं सरकारला परत. जानेवारी २०२५च्या शेवटी व्हाइट हाउसच्या एका पत्रकानं ग्रँटचे पैसे थांबवायला सांगितलं, तेव्हा एका रात्रीत देशभर हाहाकार झाला तो यामुळेच. संस्थांच्या खात्यात साठा नसतोच. नळाखाली ओंजळ धरूनच प्यायचं असतं. पत्रक दोन दिवसांत मागे घेतलं गेलं, पण नळ कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसलं.

पैसे पुढे तिसऱ्याला दिले तर?

बऱ्याच ग्रँट राज्याला मिळतात आणि राज्य त्या पुढे वाटतं. ज्याला पुढे मिळाल्या तो उपलाभार्थी. नियम त्यालाही लागू आणि त्याच्यावर नजर ठेवायची जबाबदारी राज्याची. मिनेसोटातलं 'फीडिंग अवर फ्युचर' प्रकरण हे नजर चुकल्याचं उदाहरण. कोविडच्या काळात गरीब मुलांच्या जेवणासाठीचे केंद्राचे पैसे राज्याच्या शिक्षण खात्यातून या संस्थेकडे गेले. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे, न शिजलेल्या जेवणांची बिलं लावून सुमारे २५ कोटी डॉलर लाटले गेले. २०२२मध्ये आरोप ठेवले गेले आणि मार्च २०२५मध्ये संस्थेच्या संस्थापिकेला ज्यूरीनं दोषी ठरवलं.

आपल्या लोकांचा या साखळीशी संबंध येतो तो देवळांमुळे. प्रार्थनास्थळांना आणि ना-नफा संस्थांना कॅमेरे, भक्कम दारं वगैरेंसाठी फेमा या आपत्ती-निवारणाच्या केंद्रीय संस्थेची सुरक्षा-ग्रँट मिळते, तीही राज्यामार्फत. म्हणजे देऊळ हा उपलाभार्थी. विश्वस्त मंडळी उत्साहानं मंजुरी आल्याबरोबर खोदकाम सुरू करतात आणि मग कळतं की पर्यावरण आणि वारसा-जतनाची तपासणी आधी व्हायला हवी होती. आधी केलेल्या कामाचे पैसे मग अडकतात.

पुण्यात दुसरा धागा आहे. बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांचं क्षयरोग-एचआयव्हीवरचं संशोधन वर्षानुवर्षं एनआयएचच्या पैशावर चालत आलंय. मे २०२५मध्ये एनआयएचनं अमेरिकी ग्रँटमधून परदेशी संस्थांना जाणाऱ्या नव्या उप-ग्रँट थांबवल्या. कारण सांगितलं हिशेबाचं: पैसे पुढे कुठे गेले याचा नीट माग राहत नाही.

ऑडिट

वर्षाला १० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त केंद्रीय पैसा खर्च करणाऱ्या संस्थेला 'सिंगल ऑडिट' करून घ्यावं लागतं. आधीची मर्यादा साडेसात लाख होती. 'सिंगल' अशासाठी की १९८४च्या कायद्याआधी दहा खात्यांचे दहा तपासनीस येऊन त्याच कपाटाचे तेच खण उघडायचे. हे अहवाल बहुतांश सार्वजनिक असतात, कुणालाही इंटरनेटवर वाचता येतात. न बसणाऱ्या खर्चावर आक्षेप निघतो, उत्तर पटलं नाही तर वसुली. आणि मुद्दाम खोटं बिल लावलं असेल तर यादवी युद्धाच्या काळातला, १८६३चा कायदा बाहेर येतो. त्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई आहे.

"नियम पाळूनही ग्रँट मधेच बंद कशी झाली?"

आता मूळ प्रश्नाकडे. नियमपुस्तकात रद्द करण्याची कारणं दिलेली आहेत. अटी मोडल्या हे एक. २०२०मध्ये त्यात आणखी एक वाक्य आलं: ग्रँट योजनेची उद्दिष्टं किंवा खात्याचे अग्रक्रम साधत नसेल तरीही ती थांबवता येईल. २०२४मध्ये त्याला 'ग्रँटच्या अटी-शर्तींनुसार' असं कुंपण घातलं गेलं. २०२५मध्ये हजारो ग्रँट रद्द झाल्या, त्यांतल्या असंख्य पत्रांत आधार होता तो याच वाक्याचा. संशोधकानं एक पैसाही इकडचा तिकडे केला नव्हता, फक्त सरकारचे अग्रक्रम बदलले होते. ते वाक्य मंजुरीच्या दिवसाचे अग्रक्रम धरतं की आजचे, यावरच वकील भांडत आहेत. माझ्या मते मंजुरीच्या दिवसाचे धरायला हवेत, नाहीतर पाच वर्षांच्या मंजुरीला काही अर्थच उरत नाही.

दाद कुठे मागायची हाही घोळ. २१ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं एनआयएच प्रकरणात पाच विरुद्ध चार अशा अंतरिम आदेशात सांगितलं की रद्द झालेल्या ग्रँटचे पैसे हवे असतील तर नेहमीच्या जिल्हा न्यायालयात नव्हे, सरकारविरुद्धच्या पैशाच्या दाव्यांसाठी असलेल्या वेगळ्या न्यायालयात जा. तिथे कंत्राटांची भांडणं चालतात. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की नियमपुस्तक बदलून 'सरकारच्या सोयीसाठी' ग्रँट केव्हाही संपवता येईल अशी तरतूद आणावी. ही तरतूदही मूळची कंत्राटांतलीच. १९७७च्या कायद्यानं ग्रँट आणि कंत्राट वेगळी केली होती, ती अशी पुन्हा एकमेकांत मिसळू लागली आहेत. फरक इतकाच की कंत्राटदाराला नफा आकारता येतो, ग्रँट घेणाऱ्याला सहसा नाही.

तर ग्रँट रद्द झाल्याचं पत्र ज्यांच्या हाती पडतं, त्यांच्यासाठी पुस्तकात थोडं कामाचं आहे. पत्राच्या तारखेआधी रीतसर बांधून घेतलेला आणि आता मागे घेता न येणारा खर्च बसतो. प्रयत्न करूनही लगेच थांबवता येत नाही असा खर्चही बसतो. प्रयोगातल्या उंदरांना रद्दपत्र वाचता येत नाही, त्यांना खायला घालावंच लागतं. त्याची बिलं वेगळ्या फायलीत ठेवा. शेवटचे अहवाल १२० दिवसांत पाठवायचे आणि अंतिम आर्थिक अहवाल गेला त्या दिवसापासून तीन वर्षं ती फाइल टाकायची नाही. मधे ऑडिट किंवा कोर्टकचेरी सुरू झाली, तर तिचा निकाल लागेपर्यंत नाही.